बसलेले बैल मोजा

शर्यतीतून उतरलेला बैल सांभाळायला घ्यायचा म्हटलं की साक्रीकडचा माणूस आधी विचारतो, ‘खातो किती?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. उभा बैल किती खातो हे कोणालाही काढता येतं. बैल एक दिवस बसतो आणि उठत नाही, त्या दिवसाचा हिशोब कोणी मांडत नाही. चारशे-साडेचारशे किलोचं जनावर एका कुशीवर पडून राहिलं की खाली दबलेल्या पायाचं रक्त अडतं आणि काही तासांत तिथला स्नायू मरायला लागतो. मग मूळ दुखणं बरं झालं तरी पाय साथ देत नाही. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलावी लागते, छातीखाली भुशाची पोती लावून त्याला बसतं ठेवावं लागतं. आडवा पडला तर पोट फुगून जातो. हे काम एकट्याचं नाही. चार माणसं लागतात, आणि ती रात्री दोन वाजताही लागतात. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे: किती बैल घ्यायचे हे ठरवताना गव्हाणीत किती मावतात ते पाहू नका, एका वेळी किती बसलेले बैल तुमच्या घरातली माणसं उचलू शकतील ते पाहा. बहुतेक घरांत हे उत्तर एक येतं. दया येते तेव्हा आपण उभे बैल मोजतो. मीही तसेच मोजले होते, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

या बैलांचं वय समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. शर्यतीच्या मैदानावर वय वर्षांत सांगत नाहीत, दातांत सांगतात. दुधाचे दात पडले नाहीत तो आदत, दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा. साधारण पाचव्या वर्षी तोंड जुळतं. धावण्याची खरी धमक आठ-नऊ वर्षांपर्यंत. त्यानंतर मैदानावर तोच बैल सेकंदांनी मागे पडायला लागतो आणि तिथे सगळा खेळच सेकंदांचा. पण बैल नीट ठेवला तर अठरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे शर्यतीतून उतरला तेव्हा निम्मं आयुष्य शिल्लक असतं. नावाजलेला असेल आणि खच्ची केलेला नसेल तर वळू म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळतं, लोक लांबून गाई घेऊन येतात. प्रश्न त्याचा नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरात अडकलेल्या, पायात किंचित लचक राहिलेल्या, ज्याचं नाव कोणी स्पीकरवर पुकारत नाही अशा बैलाचा तो आहे. बाजारात उपरण्याखाली दलालांची बोटं दाबली जातात तेव्हा आदत खोंडाला लाखांचा भाव ठरतो. त्याच दावणीला बांधलेल्या दहा वर्षांच्या बैलाकडे हातच जात नाही.

आणि आता कायद्यानेही कसायाकडची वाट बंद आहे. महाराष्ट्रात ४ मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. तो कायदा बरा की वाईट हा वाद इथे नको. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना कडबा सारखाच लागतो. मला फक्त तारखांची जोडी दाखवायची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. दहा महिन्यांत कत्तलबंदी आली. राज्याने २०१७ मध्ये शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, तिला उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे शर्यत थांबली तेव्हा बैल एका दिवसात बिनकामाचा झाला, आणि शर्यत सुरू झाली तेव्हा नवीन खोंडांची भरती जोरात झाली. दोन्ही वेळा जुन्या बैलाचं काय, यावर एक ओळ निघाली नाही. नियमांचा सगळा भर शर्यतीच्या दिवसावर आहे: धाव एक हजार मीटरच्या आत, पशुवैद्यकाचा दाखला, चाबूक-काठीला मनाई, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवस मावळला, मंडप सुटला, की नियमही घरी जातात.

बाहेर काय चाललंय हे पाहिलं तर आपली उणीव नीट दिसते. शर्यतीतले ग्रेहाउंड कुत्रे तिकडे तीन-चार वर्षांचे झाले की निवृत्त होतात आणि पुढे बरेच कुत्रे घरोघरी दत्तक जातात. एकाच घरात सहा-सहा, आठ-आठ निवृत्त ग्रेहाउंड पाळणारी माणसं आहेत. त्या कुत्र्यांचं आणि आपल्या बैलांचं दुखणं एकाच जातीचं: जन्मापासून एकाच कामासाठी घडवलेलं शरीर, आणि काम संपल्यावर साध्या जगाची ओळखच नाही. त्या कुत्र्याने जिना पाहिलेला नसतो, काचेचं दार पाहिलेलं नसतं. आपल्या बैलाने मोकळं चरणं पाहिलेलं नसतं. पण फरक असा की तिथे जनावराची नोंद आहे. मकाऊचं कॅनिड्रोम हे ग्रेहाउंड शर्यतीचं मैदान जुलै २०१८ मध्ये बंद पडलं तेव्हा मागे ५३३ कुत्रे उरले होते. आकडा हातात होता म्हणूनच प्राणिमित्र संस्थांना एकेकासाठी घर शोधता आलं. कुत्रे हाँगकाँग, युरोप, अमेरिकेपर्यंत गेले. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये बंदीचा कौल दिला, पण ट्रॅक बंद करायला २०२० च्या अखेरपर्यंत मुदत ठेवली, म्हणून कुत्रे टप्प्याटप्प्याने घरी गेले. ब्रिटनमध्ये २०२० पासून कुत्र्याची शर्यतीसाठी नोंदणी होतानाच ४०० पौंड अनामत बाजूला पडू लागली, निम्मी मालकाची, निम्मी नियामक मंडळाची. कुत्रा निवृत्त होऊन मान्य केंद्रात गेला की रक्कम त्या केंद्राला मिळते. एवढं करूनही तिकडच्या लोकांचं समाधान झालेलं नाही. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही शर्यत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मला त्या निर्णयांपेक्षा ती अनामत महत्त्वाची वाटते. म्हातारपणाचा पैसा तरुणपणीच बाजूला काढलेला. आपल्याकडे बक्षिसात ट्रॅक्टर आणि मोटारसायकली निघतात, त्यातला एक टक्काही बैलाच्या नावाने राहत नाही.

आता दारात प्रत्यक्ष काय येतं ते सांगतो. पहिला धोका खुराकाचा. शर्यतीचा बैल उडदाचं पीठ, हरभऱ्याचा भरडा, दूध, अंडी, खारीक, बदाम यांवर वाढलेला असतो. तुम्ही त्याला आणून एकदम दादर ज्वारीचा कडबा आणि ढेपेवर ठेवलं तर तो खात नाही, खंगतो. आणि ‘बिचाऱ्याला सवय आहे’ म्हणून बसून असलेल्या बैलाला तोच भरडा चालू ठेवला तर कोठीपोटात आम्ल वाढून जनावर दोन दिवसांत दगावू शकतं. धान्याने मेलेले बैल उपासाने मेलेल्यांपेक्षा कमी नसावेत अशी माझी शंका आहे. खुराक तीन आठवड्यांत उतरवायचा, दर चार दिवसांनी थोडा, आणि तेवढाच चारा चढवायचा. यात घाई नाही, दयाही नाही. पिंपळनेरच्या बाजूला उसाचं वाढं फुकटात मिळतं म्हणून महिनोन्‌महिने त्यावरच बैल काढणारे आहेत. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला चुना बांधून टाकतं. म्हाताऱ्या बैलाची हाडं आधीच कमजोर, त्यात हे. वाढं घाला, पण त्याबरोबर कडबा आणि क्षारमिश्रण हवंच.

दुसरा धोका आवाजाचा. हा बैल शिट्टीवर, हलगीवर, मोटारसायकलच्या आवाजावर सुटायला शिकलेला असतो. सुरत-नागपूर महामार्गालगत ज्यांची खळवाडी आहे त्यांनी हे दोनदा वाचावं. गाडीला जुंपल्यावर मागून हॉर्न वाजला तर तो थांबत नाही, उधळतो. ही खोड नव्हे, शिक्षण आहे. त्याला विसरायला एक-दोन वर्षं लागतात, काही बैल कधीच विसरत नाहीत. म्हणून पहिलं वर्षभर लहान मुलाच्या हातात कासरा द्यायचा नाही, मग बैल कितीही गरीब दिसो. शिवाय त्यांतले काही खच्ची केलेले नसतात. दोन अंडील बैल एका छपराखाली बांधले की दोर तुटेपर्यंत टकरा होतात. मोठ्या वयातलं खच्चीकरण पशुवैद्यकाकडून, चिमट्याने, थंडीच्या दिवसांतच करून घ्यावं. आणि जोडी फोडू नये. वर्षानुवर्षं एका जुवाखाली धावलेले दोन बैल वेगळे झाले की मागे राहिलेला चारा तोंडात धरून उभा राहतो, चावत नाही. एक घेणं परवडत असेल तर दोन घ्यावे लागतील हे धरूनच चला. हा माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारा मुद्दा आहे, पण खरा आहे.

शरीर तपासायला डोळ्यांपेक्षा हात उपयोगी. शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंत अंगठा आणि दोन बोटं फिरवत न्या. शर्यतीत शेपटी पिरगाळलेली, चावलेली असेल तर मणक्यावर गाठ लागते, कधी शेपटीचा शेवटचा भाग हलतच नाही. असा बैल माशा वारू शकत नाही आणि पावसाळ्यात जखमांना आसडी होते. खांद्यावरची जाड कातडी दाबा, आत पाणी लागतं का पाहा. मग शिंगं. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग गाईंपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो, तोही पाच ते दहा या वयात, म्हणजे नेमका हा बैल तुमच्याकडे येतो तेव्हा. बैल डोकं एका बाजूला कलवून उभा राहतो, तेच शिंग खांबाला घासतो, एकाच नाकपुडीतून पाणी गळतं, पुढे त्यात रक्त दिसतं. बोटाच्या पेराने दोन्ही शिंगांवर आळीपाळीने टकटक करा. निरोगी शिंग पोकळ वाजतं, बिघडलेलं बद्द वाजतं. शिंगाच्या मुळाशी तळहात ठेवला तर ती बाजू गरम लागते. एवढ्यावर पकडलं तर शिंग मुळापासून काढून बैल वाचतो; शिंग लोंबायला लागल्यावर डॉक्टर येऊनही उपयोग नसतो. पोळ्याला शिंगं साळायची आणि रंगवायची हौस म्हाताऱ्या बैलावर करू नये असं माझं मत आहे. पाण्याने पुसावीत, तेल लावावं, गोंडा बांधावा, बस.

इथवर एका बैलाचं झालं. माझा मुद्दा अनेकांचा आहे. एक बैल आणला की गावात नाव होतं, आणि नाव झालं की फोन येतात. कोणाचा मुलगा नोकरीला गेला, कोणाकडे चारा नाही, कोणाला नुसतं ‘चांगल्या हाती’ द्यायचंय. दोनाचे चार, चाराचे आठ दीड-दोन वर्षांत होतात. आणि यातला खरा फास कोणाच्या ध्यानात येत नाही: शर्यतीतून बैल एकाच वयात उतरतात, म्हणून एकाच काळात आणलेले आठ बैल आठही एकाच काळात म्हातारे होतात. पहिली पाच-सहा वर्षं सोपी जातात. बैल उभे, चकचकीत, पाहुणे फोटो काढतात. मग एका वर्षी दात झिजतात, कडबा चावला जात नाही, कुट्टी करून भिजवून द्यावी लागते, गुडघे सुजतात, आणि एकाच थंडीत दोन-तीन बसतात. तेवढ्यात सांभाळणाराही पाच-सहा वर्षांनी थकलेला असतो, पोरं शिकायला धुळ्या-नाशकाला गेलेली असतात, आणि सालदार मिळणं मुश्कील झालेलं असतं. कागदावर आठ बैलांचा खर्च चारच्या दुप्पट दिसतो. त्या थंडीत तो चौपट होतो. म्हणून ज्यांना एकापेक्षा जास्त जोड्या सांभाळायच्याच आहेत त्यांनी वयात अंतर ठेवावं. दहा वर्षांची एक जोडी असेल तर पुढची तीन-चार वर्षांनीच घ्यावी, मधल्या काळात कोणी कितीही हात जोडले तरी.

साध्या आकडेमोडीचाही एक परिच्छेद होऊ द्या. एका बैलाला दिवसाला आठ किलो सुका चारा धरला, हिरवं वेगळं, तर वर्षाला तीन टनांच्या जवळ जातो. तीन जोड्या म्हणजे वर्षाकाठी साडेसतरा टन. हा चारा दादर निघते आणि मका खुडून होतो तेव्हा स्वस्त असतो, आणि मृगाच्या तोंडावर महाग. पाण्याचं अवघड. उन्हाळ्यात बैल दिवसाला पन्नास लिटर पितो, सहा बैल तीनशे, महिन्याला नऊ हजार लिटर. साक्री तालुका लहान नाही आणि सगळीकडे सारखाही नाही: पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाने पाऊस बरा, तिकडे लाटीपाडा धरणाचं पाणी, उत्तरेकडे निजामपूर-भामेरच्या माळावर वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो तिथे सहा म्हातारे बैल ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या हंड्यात हात घालणं आहे. हे कठोर वाटेल. पण अशा ठिकाणी भांडण बैलावरून होतं आणि शेवटी भोगतो बैलच.

यावर मला नेहमी चार उत्तरं मिळतात. पहिलं: ‘शेतीला जुंपा, खाल्लेलं फेडेल.’ शर्यतीचा बैल वखराला चालत नाही, पळतो. वखर जमिनीतून उचलला जातो, तास वाकडं होतं, आणि तासाभरात बैल धापा टाकतो, कारण त्याचं शरीर मिनिटभराच्या धावेसाठी घडलेलं आहे, दिवसभराच्या चालीसाठी नाही. काही बैल सावकाश शिकतात, हलकं काम करतात, आणि थोडं चालणं त्यांना चांगलंच. गोठ्यात बांधून खूर वाढतात ते त्याने झिजतात. पण त्याला कमाई म्हणू नये. कोळपणीसुद्धा आता लहान ट्रॅक्टरवर होते. देशातला नर गोवंश २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मध्ये सुमारे तीस टक्क्यांनी घटला, महाराष्ट्रातली एकूण गुरं सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. ज्या बाजारात तरण्या बैलाला काम उरलं नाही तिथे म्हाताऱ्याला कुठून असणार?

दुसरं उत्तर: ‘शेण आहे ना.’ आहे, आणि ते नाकारणारा मी नव्हे. एका बैलाचं दिवसाला दहा किलो ओलं शेण धरलं तरी सहा बैलांचं वर्षाला एकवीस-बावीस टन होतं, कुजून निम्मं राहतं, आणि साक्रीच्या हलक्या मुरमाड जमिनीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ज्याची स्वतःची दहा एकर आहे त्याला ते खरंच फळतं. ज्याची दोन एकर आहे तो शेण विकतो आणि त्या पैशात चाऱ्याचा थोडाच भाग निघतो. गोमूत्राच्या अर्कावर घर चालतं असं सांगणाऱ्याला त्याची वही दाखवायला सांगावं.

तिसरं: ‘गोशाळा आहेत.’ गोशाळांनाही भिंती असतात. राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. त्या निर्णयातला शब्द ‘गाय’ असा आहे. गाय दूध देते, वासरू देते, देणगीदाराच्या फोटोत शोभते. बैल रांगेत शेवटी उभा असतो. शिवाय गर्दीत रोग लवकर पसरतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातूनच राज्यात लम्पीची त्या वर्षीची साथ सुरू झाली, तेव्हा एका दावणीला चाळीस जनावरं असणाऱ्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. म्हणून घरच्या गोठ्यातही नवा बैल आला की तीन आठवडे वेगळा, वेगळी बादली, वेगळी गव्हाण, आणि हातपाय धुऊनच जुन्या बैलांकडे. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पीची लस वेळेवर.

चौथं उत्तर सर्वांत वजनदार: ‘शर्यत नसेल तर खिलारच संपेल.’ यात तथ्य आहे. खिलारच्या प्रकारांत तापी खिलार किंवा थिल्लारी हा आपल्या खानदेशाचा. पांढरा रंग, गाजरी नाक, गाजरी खूर. आणि ते नाव जनावरं राखणाऱ्यांवरून पडलेलं. साक्रीच्या माळावर ठेलाऱ्यांचे वाडे आजही फिरतात, त्यामुळे आपल्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. शर्यत सुरू झाल्यावर खोंडाला भाव आला, गाय ठेवणाऱ्याला दोन पैसे दिसले, हे मान्य. पण हा युक्तिवाद आदत खोंडाचा जीव वाचवतो. दहा वर्षांच्या बैलाबद्दल तो काहीच बोलत नाही. उलट जितके खोंड जास्त तितके आठ वर्षांनी म्हातारे जास्त. शर्यतीवर ज्यांचं प्रेम आहे त्यांनीच हा भार उचलला पाहिजे, असं त्याच युक्तिवादातून निघतं. प्रवेश फीमधला ठरावीक वाटा बैलाच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावर जमा झाला, आणि बैल ज्याच्या दावणीला म्हातारा होतो त्याला तो मिळाला, तर ब्रिटिशांच्या कुत्र्यांइतकी तरी सोय आपल्या नंदीची होईल. बारा अंकी बिल्ला आता प्रत्येक जनावराला सक्तीचा आहेच. जून २०२४ पासून त्याशिवाय खरेदी-विक्री चालत नाही. यंत्रणा तयार आहे, फक्त तिच्यात म्हातारपणाचा रकाना नाही.

तोवर काय करायचं? मोठा गोठा उभारू नका, वाटून घ्या. आपल्या पांझरेच्या काठावर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी कोण्या एकाच्या मालकीचं नव्हतं. शिवाराचे फड पाडलेले, कोणत्या फडात कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांचं धान्य सगळ्यांकडून. बैलांचं तसंच का नसावं? बारा बैल एका दयाळू माणसाच्या खळ्यात ठेवण्यापेक्षा सहा घरी एकेक जोडी, चाऱ्याची गंजी सामाईक, कुट्टी यंत्र सामाईक, डॉक्टरचा फेरा एकाच दिवशी, आणि बैल बसला की सहा घरांतून सहा माणसं. एका घरात बारा बसले तर चार माणसं मरतील. सहा घरांत एक बसला तर बारा हात धावतात. आमच्याकडे लग्नाला, मौतीला माणसं अशीच गोळा होतात, सांगावं लागत नाही.

मरणाचंही आधी ठरवून ठेवावं, त्यात अभद्र काही नाही. पूर्वी मेलेलं ढोर ओढून न्यायची गावाची व्यवस्था होती. ती ज्यांच्या पाठीवर उभी होती त्यांनी ते काम सोडलं हे योग्यच झालं. आता जेसीबी सांगावा लागतो, सहा-सात फूट खड्डा, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, वर चुना किंवा मीठ. भर पावसाळ्यात काळ्या रानात जेसीबी जात नाही, म्हणून जागा मुरमाची आणि रस्त्यालगतची आत्ताच नेमून ठेवा. ज्याच्याकडे अशी चार गुंठेही जागा नाही त्याने चारा विकत घेऊन बैल ठेवू नये. त्याने दुसऱ्याच्या बैलाला चारा द्यावा. तीही सेवाच, आणि पुष्कळदा जास्त उपयोगी.

कागदाचं थोडक्यात. बैल चालवत आणता आला तर उत्तम. गाडीत घालायचा तर पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, मूळ मालकाचं लिहून दिलेलं पत्र आणि बिल्ल्याचा क्रमांक जवळ हवा. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नियमात बसत नाहीत. कोंडाईबारी घाटाच्या वाटेने गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांवर सगळ्यांचीच नजर असते, आणि कागद नसेल तर रात्री अडवणाऱ्याला तुमची दया दिसत नाही, फक्त बैल दिसतात. मालकी बिल्ल्याच्या नोंदीत आपल्या नावावर झाल्याशिवाय ‘तात्पुरता ठेवा’ म्हणून कोणाचा बैल घेऊ नका. तात्पुरते बैल परत गेलेले फार थोडे.

आणि बैल आणायचाच तर पोळ्याच्या सुमारास आणू नका. त्या आठवड्यात सगळ्यांना बैल हवा असतो. वैशाखातही नको, तेव्हा विहीर आणि गंजी दोन्ही तळाला असतात. मार्गशीर्षात आणा. थंडी असते, नव्या चाऱ्याला सुरुवात झालेली असते, आणि तीन महिने हातात असतात उन्हाळ्याआधी त्याचा खुराक उतरवायला.